घरातील सिनेमा आणि सराऊंड स्पीकर : निवड व मांडणी



स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला तेव्हा प्रथम विषयाचा प्रश्न पडला. वैचारिक विषयांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी या अंकात आहेतच. आम्ही बँकेतील कारकून, शिक्षण कला शाखेचे. भौतिकशास्त्राशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला. परंतु गृहकर्ज काढून घर बांधणारे कितीतरी बांधव आम्हांस काउंटरवर भेटतात, आणि स्लॅब पडून रंगरंगोटी झाली की हमखास विचारतात, "साहेब, होम थिएटर कोणतं घ्यावं?" हा प्रश्न आम्हांस विचारण्याचे कारण एवढेच, की या बाबतीत आम्ही आधी फसलो आहोत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या न्यायाने आमचा अनुभव व त्यानंतर वाचून, विचारून व करून मिळविलेली माहिती येथे देत आहोत.

आमच्या घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच छोटे स्पीकर व एक मोठा डबा असा संच घेतला. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. खोक्यावर 'दहा हजार वॅट पी.एम.पी.ओ.' असे ठळक छापले होते आणि आम्ही त्यावरच भाळलो. मागचे दोन स्पीकर दिवाणाच्या वर, भिंतीला दोन खिळे ठोकून, बसणाऱ्याच्या अगदी कानाजवळ टांगले. मधला स्पीकर शोकेसच्या खालच्या कप्प्यात, काचेच्या आड गेला. पहिल्या रात्री गल्लीतील मुले गोळा झाली, सर्वांना मौज वाटली.

आमची आई सत्तरी ओलांडलेली. ती नेहमी दिवाणावर भिंतीला टेकून बसत असे. चार-सहा दिवसांनी ती सिनेमा सुरू झाला की उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागली. पुन्हा पुन्हा विचारल्यावर म्हणाली, "तुमच्या सिनेमात पाऊस लय आयकू येते बापा, पन मानूस काय बोलते थे काई समजत नाई."

सबंध घरासाठी म्हणून आणलेल्या वस्तूने घरातील सर्वांत वडील माणूस खोलीबाहेर गेले, ही गोष्ट मनाला लागली. पुढे या विषयात डोके घातले तेव्हा कळले, की सराऊंड स्पीकरचे निम्मे शास्त्र आईच्या त्या एका वाक्यात होते.

आवाज पडद्यामागून कानाभोवती कसा आला

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. तेव्हा आवाज एकच, आणि तो पडद्याच्या बाजूने येई. याच १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने डावा व उजवा असे दोन आवाज वेगळे नोंदविण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. तोच स्टिरिओ. १९४० साली वॉल्ट डिस्ने यांच्या 'फँटासिया' या चित्रपटासाठी काही निवडक थिएटरांत प्रेक्षकांच्या बाजूंनाही स्पीकर लावून पाहण्यात आले.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला, तो सत्तर मिलिमीटर पडदा व स्टिरिओफोनिक ध्वनी यांसह. अर्थात ती चैन मोठ्या शहरांतील मोजक्या थिएटरांची. आमच्यासारख्यांनी जत्रेतील तंबूत किंवा भाड्याच्या व्हिडिओवर सिनेमे पाहिले, ते एकाच स्पीकरच्या आवाजात. आणि तरीही संवाद पाठ झाले, हे विसरता कामा नये.

१९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी कंपनीची डिजिटल पद्धत थिएटरांत आली व १९९६ नंतर डी.व्ही.डी.मार्फत ती घरात शिरली. तिलाच 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात. पाच म्हणजे समोर डावा, मधला (सेंटर) व उजवा, आणि बसणाऱ्याच्या दोन बाजूंचे दोन सराऊंड. 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खोल, घुमणारा आवाज देणारा सबवुफर. पुढे सात स्पीकरांच्या व छतातूनही आवाज देणाऱ्या पद्धती आल्या. परंतु आपल्या घरातील खोलीस पाच पुरेसे आहेत.

सराऊंडचे काम कोणते

सराऊंड म्हणजे मागून धडाम् करणारा स्पीकर, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. सिनेमातील बहुतेक सर्व संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. सराऊंडकडे येतात ते पाऊस, वारा, बाजारातील गलका, रातकिडे, सभेतील टाळ्या. म्हणजे ती जागा कशी आहे हे सांगणारे आवाज. समोर शेत दिसत असेल तर आपणही शेतात उभे आहोत असे वाटावे, पण वाऱ्याचा आवाज नेमका कोणत्या खोक्यातून येतो हे कळू नये, अशी त्याची मांडणी पाहिजे. जेवणात मीठ जाणवू नये पण असावे, तसे हे आहे.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या शेवटच्या प्रसंगात दिग्दर्शकाने आवाज काढून घेतला आहे. लहान मूल चालते आहे, पावले उमटत आहेत, आणि ऐकू काहीच येत नाही. ज्या खोलीत स्पीकर सतत घरघरतात व सबवुफर थरथरतो, त्या खोलीत ही शांतता पोहोचतच नाही. चांगली व्यवस्था म्हणजे मोठा आवाज नव्हे. बारीक आवाज, संवाद आणि शांतता या तिन्ही गोष्टी जिथे शाबूत राहतात ती चांगली व्यवस्था.

येथे एक शास्त्रीय बाब ध्यानात घ्यावी. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो कानावर आधी पडतो त्याच दिशेने तो येत आहे असे मेंदू मानतो. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ साली याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. आवाजास एक फूट चालण्यास जवळजवळ एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, लागतो. मागचा स्पीकर कानापासून एक फुटावर व समोरचा नऊ फुटांवर असेल, तर मागचा आठ मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि लक्ष मागे खेचतो. त्यात जवळ असल्यामुळे तो मोठाही वाटतो. आमच्या दिवाणावर नेमके हेच घडत होते.

दुसरी बाब वयाची. वय वाढते तसे प्रथम बारीक, उंच स्वर ऐकू येणे कमी होते. बोलण्यातील स, श, फ, थ ही व्यंजने याच स्वरांवर उभी असतात. म्हणून वृद्ध माणसास आवाज येतो पण शब्द लागत नाही. त्यावर पावसाचा सडा पडला की उरलेला शब्दही बुडतो.

आधी खोलीची परीक्षा

विद्यार्थी मित्रांनी हा प्रयोग जरूर करावा. रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्र' असा शेपटासारखा आवाज रेंगाळला, तर त्या खोलीत संवाद पुसट येणार हे नक्की. वर स्लॅब, खाली टाइल्स, चारी बाजूंना प्लॅस्टर, अशी आपली नवी घरे याबाबत वाईटच. जुन्या मातीच्या, धाब्याच्या घरात आवाज इतका घुमत नसे.

१८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह नवे बांधले होते, पण तेथे व्याख्यान समजत नसे. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. त्याने दुसऱ्या सभागृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या व किती गाद्या ठेवल्या असता घुमणे किती कमी होते याची मोजणी केली. सभागृहांच्या ध्वनीचे शास्त्र या गाद्यांवर उभे राहिले.

आपल्यापैकी अनेकांनी वेरूळचे दहा क्रमांकाचे लेणे पाहिले आहे. त्या कमानदार चैत्यगृहात सावकाश म्हटलेला स्वर कसा भरून राहतो, हे तेथे उभे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. पण त्याच जागी कोणी भरभर भाषण केले तर शब्द शब्दात मिसळतील. घुमणारी जागा सावकाश स्वरासाठी. सिनेमातील संवादासाठी नव्हे.

उपाय महागडे नाहीत. जमिनीवर जाड सतरंजी, खिडक्या-दारांना जाड पडदे, दिवाणावर गादी व लोड, एका भिंतीला पुस्तकांची मांडणी. पुस्तके वाचण्यास उपयोगी आहेतच, आवाज मोडण्यासही आहेत. हे सर्व करून पुन्हा टाळी वाजवा व फरक पाहा. हा खर्च स्पीकरच्या आधी करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निवड कशी करावी

एक : खोक्यावरील 'पी.एम.पी.ओ.' हा आकडा संपूर्ण दुर्लक्षावा. 'आर.एम.एस.' वॅट किती, एवढेच विचारावे. आर.एम.एस. म्हणजे यंत्र सतत देऊ शकते ती शक्ती. साध्या खोलीस प्रत्येक स्पीकरमागे २० ते ५० वॅट आर.एम.एस. भरपूर होतात.

दोन : स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी' पाहावी. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढण्यास २० वॅट लागतात, तोच ९० डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. तीन डेसिबल वाढले की लागणारी शक्ती निम्मी होते.

तीन : ओहमचा आकडा ॲम्प्लिफायरशी जुळला पाहिजे. ॲम्प्लिफायरवर ६ ते ८ ओहम लिहिले असेल तर त्यास ४ ओहमचे स्पीकर जोडू नयेत. तो तापतो व बंद पडतो.

चार : सराऊंड स्पीकर शक्यतो समोरच्याच कंपनीचे व त्याच मालिकेतील असावेत. मोटारगाडी समोरून मागे जाताना तिचा आवाज वाटेत बदलू नये, म्हणून.

पाच : सराऊंड मोठाच पाहिजे असे नाही. चार-पाच इंची वुफर व एक ट्विटर असलेला, पाठीमागे भिंतीवर टांगण्याची सोय असलेला पुरे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज सबवुफरकडे वळविता येतो. इतक्या खोल आवाजाची दिशा कानास नीटशी कळतही नाही.

सहा : दोन विरुद्ध दिशांना तोंड असलेले 'डायपोल' व 'बायपोल' सराऊंड मिळतात. त्यांचा आवाज भिंतींवरून पसरून येतो, म्हणून बसण्याची जागा स्पीकरच्या फार जवळ असेल तेथे ते उपयोगी. ते न मिळाल्यास साधा स्पीकर उंच लावून बराचसा तोच परिणाम साधतो.

सात : 'वायरलेस' सराऊंड म्हणजे बिनतारी खरे, पण वीज लागतेच. मागील भिंतीस प्लग नसेल तर तार टळत नाही.

खोली दहा बाय दहाची असेल आणि बजेट थोडे असेल, तर सराऊंडचा हट्ट सोडावा. त्या पैशात समोरचे दोन व मधला असे तीन चांगले घ्यावेत. सराऊंड पुढे केव्हाही जोडता येतात. आणि अशा वस्तूसाठी हप्ते बांधून घेऊ नयेत, हे बँकेतील माणूस म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मांडणी

उदाहरणासाठी बारा फूट रुंद व चौदा फूट लांब खोली घेऊ. टी.व्ही. बारा फुटी भिंतीवर आहे.

बसण्याची जागा टी.व्ही.च्या भिंतीपासून आठ-नऊ फुटांवर घ्यावी व पाठीमागे चार-पाच फूट मोकळे ठेवावे. समोरचे डावा व उजवा स्पीकर एकमेकांपासून सुमारे नऊ फूट, कोपऱ्यांपासून दीड-दोन फूट सोडून. ते दोन व बसणारा मिळून जवळजवळ समभुज त्रिकोण झाला पाहिजे. मधला स्पीकर टी.व्ही.च्या लगेच वर किंवा खाली, कानाच्या दिशेने थोडा कललेला. काचेच्या आड कधीही नको.

आता सराऊंड. बसणाऱ्याच्या नाकासमोरची दिशा शून्य अंश धरली, तर सराऊंड दोन्ही बाजूंना १०० ते १२० अंशांवर असावेत, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. सोप्या भाषेत, ते थेट पाठीमागे नकोत. कानाच्या बाजूला व किंचित मागे हवेत. आपल्या बारा फुटी खोलीत मधोमध बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेपासून दोन फूट मागे, दोन बाजूंच्या भिंतींवर, अशी जागा येते. कोनमापक नसला तरी सुतळी व टेपने ही जागा काढता येते.

उंची बसलेल्याच्या कानापेक्षा दोन ते तीन फूट अधिक. खुर्चीवर बसणारांसाठी जमिनीपासून सुमारे सहा फूट. आपल्याकडे निम्मी मंडळी सतरंजीवर बसतात, म्हणून साडेपाच फूटही चालेल. उंचीमुळे भिंतीजवळ बसलेल्याच्या कानात स्पीकर ओरडत नाही व शेजारच्या माणसाच्या डोक्याने आवाज अडत नाही.

दिवाण मागच्या भिंतीसच लावणे भाग असेल, तर सराऊंड मागील भिंतीवर डोक्याशी लावू नयेत. ते बाजूच्या भिंतींवर, कानाच्या सरळ रेषेत, थोडे अधिक उंच लावावेत व त्यांचे तोंड समोरासमोरच्या भिंतींकडे ठेवावे. एका बाजूस दार आले तर स्पीकर चौकटीच्या वर घ्यावा व दुसऱ्या बाजूचाही त्याच उंचीवर आणावा.

तारा

घर बांधत असाल तर हा परिच्छेद मिस्त्रीला वाचून दाखवा. प्लॅस्टरपूर्वी टी.व्ही.च्या जागेपासून दोन्ही सराऊंडच्या जागांपर्यंत भिंतीत झिरी मारून पाइप टाकून ठेवावा. विजेच्या तारांच्या पाइपातून स्पीकरची तार नेऊ नये. त्या वेळी हे काम थोडक्यात होते. नंतर भिंत फोडावी लागते किंवा तारा लोंबकळतात व उंदरांचे फावते. तार तांब्याची, दीड चौरस मिलिमीटर जाडीची, दोन्ही स्पीकरांस पुरेशी.

लाल टोक लालला व काळे काळ्याला जोडावे. एका स्पीकरचे उलटे झाले तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो व आवाज पोकळ होतो. खात्री नसल्यास तार ॲम्प्लिफायरपासून सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा. सेलचे अधिक टोक लाल तारेला लावले असता वुफरचा पडदा बाहेर आला, तर जोडणी बरोबर आहे.

समतोल

रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरण्याची सोय असते. बसण्याच्या जागेपासून टेपने मोजून खरे अंतर भरा. जवळच्या स्पीकरचा आवाज यंत्र तेवढा उशिरा सोडते. मग 'टेस्ट टोन' लावून पाचही स्पीकर त्या जागेवर सारखे ऐकू येतील असे करा. मोबाइलवरील आवाज मोजण्याचे ॲप या तुलनेपुरते चालते.

हे काम करताना कूलर व पंखा बंद ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कूलर खिडकीत घरघरतच असतो. त्यावर मात करण्यासाठी सराऊंड वाढविला, तर पावसाळ्यात तोच स्पीकर डोक्यावर बसतो.

शेवटची परीक्षा यंत्राने नव्हे, माणसाने करावयाची. ज्यात बोलणे भरपूर आहे असा सिनेमा लावा. जब्बार पटेल दिग्दर्शित 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', ज्यातील भूमिकेसाठी मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यासाठी उत्तम. घरात ज्याला सर्वांत कमी ऐकू येते त्याला बसवा व विचारा, काय म्हणाले? शब्द सांगता आला तर मांडणी साधली. नाही आला, तर मधला स्पीकर दोन-तीन डेसिबल वाढवा किंवा सराऊंड तेवढा कमी करा.

शेजार

ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सबवुफरचा खोल आवाज भिंत ओलांडून जातो, म्हणून तो सामाईक भिंतीस चिकटवू नये व परीक्षेच्या दिवसांत बंदच ठेवावा. आपल्या सिनेमासाठी शेजारच्या मुलाचा अभ्यास बुडू नये.

समारोप

आम्ही पुढे काय केले? नवा संच घेतला नाही. तोच घेतलेला संच. मधला स्पीकर काचेआडून काढून टी.व्ही.खाली आणला, दिवाण भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढला, सराऊंड कानाजवळून काढून बाजूच्या भिंतींवर सहा फुटांवर चढविले व त्यांचा आवाज उतरविला, खाली सतरंजी अंथरली. एका रविवारच्या दुपारी काम झाले. खर्च तार, प्लग व स्क्रू यांचा.

त्या रात्री आई दिवाणावर बसली ती सिनेमा संपेपर्यंत उठली नाही. मध्येच एका संवादावर आमच्या आधी हसली. यंत्र तेच होते, जागा बदलल्या होत्या.

आपल्या घरांतही वस्तू घेण्यापूर्वी जागेचा विचार व्हावा आणि घरातील वडीलधाऱ्यांना शब्द न् शब्द ऐकू यावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून लेखणी थांबवितो. जयभीम!